खुले पत्र: भाषांतराचा नियम काउंटरवर नको, यादीत सांगा

प्रति,
दीर्घ मुदतीचे व्हिसा देणाऱ्या सर्व वकिलाती, कॉन्सुलेट, इमिग्रेशन खाती आणि त्यांच्या वतीने अर्ज स्वीकारणारी केंद्रे

विषय: अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या भाषांतराचे नियम पूर्ण, लेखी आणि आधी कळावेत याबाबत

महोदय, महोदया,

तुमच्या चेकलिस्टमध्ये खाली कुठेतरी एक वाक्य हमखास असते: ‘परकीय भाषेतील सर्व कागदपत्रांसोबत अधिकृत भाषांतर जोडावे.’ फोटोच्या बाबतीत तुम्ही किती काटेकोर असता! लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, मागचा रंग कोणता, चष्मा चालेल का, हसलेले चालेल का, सगळे लिहिलेले असते. भाषांतराच्या वाट्याला मात्र ही एक ओळ. फोटो चुकला तर माणूस खाली जाऊन दहा मिनिटांत दुसरा काढून आणतो. भाषांतर चुकले तर सगळी फाइल नव्याने करावी लागते.

मी जन्मदाखले, विवाहदाखले, पदव्या, पोलीस क्लिअरन्स, बँकेची स्टेटमेंट अशा कागदांची भाषांतरे करते. माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न भाषेबद्दल नसतोच. ‘हे तिथे चालेल ना?’ एवढेच त्यांना हवे असते. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे, आणि अपॉइंटमेंट मिळवून, रांग लावून, फाइल काचेखालून आत सरकवल्याशिवाय तुम्ही ते देत नाही.

सवलत मागायला हे पत्र लिहिलेले नाही. नियम हवे तितके कडक ठेवा. पण काउंटरवरचा माणूस भाषांतरात जे जे तपासतो, ते ते यादीत आधी छापा. एवढीच मागणी आहे. ती का करावी लागते, हे जरा विस्ताराने सांगते.

फिरायला जाणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही. शेंगेन क्षेत्राचेच, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचेच घ्या. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम असेल, तर सगळ्या सदस्य देशांना एकच व्हिसा संहिता लागू आहे, २००९ची. विमा, तिकीट, हॉटेलचे बुकिंग, यातले निम्मे कागद मुळातच इंग्रजीत असतात. नव्वद दिवसांची रेषा ओलांडली की मात्र प्रत्येक देशाचा स्वतःचा ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा आणि स्वतःचा कायदा सुरू होतो. शिकायला, नोकरीला, नवऱ्याकडे किंवा बायकोकडे, निवृत्तीनंतर राहायला जाणारे सगळे या दारातून जातात. आणि इथे लागणारे कागद हे माणसाच्या आयुष्याचे असतात: जन्म, लग्न, घटस्फोट, मुलाचा ताबा, शिक्षण, चारित्र्य. हे कागद ज्या त्या गावच्या, ज्या त्या काळच्या सरकारी भाषेत असतात, आणि निम्मे हाताने भरलेले. म्हणजे भाषांतराची खरी गरज जिथे सुरू होते, नेमके तिथेच समान नियम संपतात.

भाषांतर कोणी करायचे, इथूनच गोंधळाला सुरुवात होते. ‘अधिकृत’ असे तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्या देशातली पद्धत असते. वाचणाऱ्याला ती ठाऊक नसते. जर्मनीत राज्यांची न्याययंत्रणा भाषांतरकारांना शपथ देते आणि त्यांची एकत्रित यादी इंटरनेटवर कोणालाही चाळता येते. फ्रान्समध्ये अपील न्यायालयांच्या याद्या असतात. तिथला शपथबद्ध भाषांतरकार मूळ कागदाच्या प्रतीवर आणि भाषांतरावर एकच क्रमांक घालतो, म्हणजे कोणते भाषांतर कोणत्या कागदाचे याबद्दल शंका उरत नाही. स्पेनमध्ये ही नेमणूक परराष्ट्र मंत्रालय करते आणि भाषांतराच्या शेवटी घालायचे प्रमाणपत्राचे वाक्यसुद्धा ठरलेले आहे. पोलंडमध्ये न्याय मंत्रालयाची नोंदवही आहे. इटलीत पद्धत निराळीच: भाषांतरकार आपले काम घेऊन न्यायालयाच्या कचेरीत जातो आणि तिथल्या अधिकाऱ्यापुढे शपथ घेऊन सही करतो. म्हणजे माणूस कोणत्या यादीत आहे यापेक्षा त्या विशिष्ट कागदासाठी शपथ झाली की नाही, याला तिथे वजन.

आता ब्रिटन पाहा. तिथे शपथबद्ध भाषांतरकार अशी सरकारी व्यवस्थाच नाही. भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने किंवा कंपनीने लिहून द्यायचे आणि तारीख, नाव, सही, संपर्क द्यायचा. अमेरिकेच्या इमिग्रेशन नियमांत इंग्रजी भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपण त्या भाषेतून भाषांतर करण्यास समर्थ आहोत, असे भाषांतरकाराने प्रमाणित करावे एवढीच अट आहे. ऑस्ट्रेलियात, भाषांतर देशात केले असेल तर तिथल्या ‘नाटी’ या संस्थेची मान्यता असलेला भाषांतरकार लागतो. बाहेर केले असेल तर मान्यता नसली तरी चालते, पण भाषांतरकाराने आपले नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव लिहून द्यावा लागतो.

या सगळ्या पद्धती आपापल्या जागी ठीकच आहेत. एक दुसरीपेक्षा चांगली, असे मला म्हणायचे नाही. (खरे तर ऑस्ट्रेलियाची मला आवडते, कारण देशात केले तर काय आणि बाहेर केले तर काय, हे दोन्ही तिथे लिहून ठेवले आहे.) पण ब्रिटनसाठी करून घेतलेले बिनचूक भाषांतर घेऊन माणूस स्पेनच्या काउंटरवर गेला, तर ते परत येणार. त्या माणसाने केले ते चूक नव्हते. तुमच्या यादीतली ओळ दोन्हीकडे अगदी सारखीच दिसत होती.

त्यातून पुढचा प्रश्न येतो: भाषांतरकार कुठे बसलेला हवा? तुमच्या देशातल्या न्यायालयाच्या यादीतला, की अर्जदार राहतो तिथला चालेल? तुमच्या देशातला हवा असेल तर मूळ कागद कुरियरने पाठवायचा, की स्कॅनवरून केलेले चालेल? स्कॅनवरून केले तर भाषांतरकार ‘सादर केलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रतीवरून’ असे प्रामाणिकपणे लिहितो, आणि तेवढ्या शब्दांवर फाइल अडते. न लिहिणारा सुटतो. काही वकिलाती आपल्या ओळखीच्या भाषांतरकारांची यादी देतात आणि खाली लिहितात की या यादीची जबाबदारी आमची नाही. मग त्या यादीबाहेरचा चालतो का? यावर यादी गप्प असते आणि एजंट बोलू लागतो. नियमात जिथे जिथे पोकळी राहते तिथे तिथे असा एजंट उभा राहतो, आणि त्याची फी अर्जदार भरतो.

आता मुख्य दुखण्याकडे येते: क्रम. आधी अपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचे, परदेशात चालणारे सरकारी प्रमाणपत्र) आणि मग भाषांतर, की आधी भाषांतर आणि मग अपोस्टिल? की दोन्हींवर वेगवेगळे?

अपोस्टिल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या काउंटरवर ते नेमके कशासाठी मागितले जाते, हे तुम्हीच एकदा तपासून पाहा, अशी नम्र विनंती. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग कराराने ही सोय केली. करार २४ जानेवारी १९६५ला अमलात आला. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, वर फ्रेंचमध्ये शीर्षक आणि आत क्रमांक दिलेले दहा रकाने. हा चौकोन तीनच गोष्टी सांगतो: कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता, आणि शिक्का असल्यास तो त्याच कार्यालयाचा आहे. कागदात लिहिलेला मजकूर खरा आहे, असे तो सांगत नाही. भाषांतर बरोबर आहे, असे तर मुळीच नाही.

तरीही ‘भाषांतरावर अपोस्टिल आणा’ असे सांगितले जाते. भाषांतर हा खासगी माणसाने केलेला कागद. त्यावर अपोस्टिल हवे असेल तर आधी तो कुठल्या तरी सरकारी सहीखाली यावा लागतो. मग अर्जदार नोटरीकडे जातो. नोटरी काय प्रमाणित करतो? भाषांतरकाराने आपल्यासमोर सही केली, एवढेच. नोटरीला ती भाषा येत असेलच असे नाही, यायची गरजही नाही. मग त्या नोटरीच्या सहीवर अपोस्टिल. फाइलमध्ये आता दोन चौकोन, तीन शिक्के आणि एक रिबीन. भाषांतरात आईचे नाव चुकले असेल तर ते अजूनही चुकलेलेच आहे. शिक्के वाढले म्हणून अचूकता वाढत नाही. तुम्हाला जबाबदार भाषांतरकार हवा असेल तर तसे लिहा. त्याची सही खरी आहे का एवढेच पाहायचे असेल तर तसे लिहा. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्यामुळे अर्जदार शिक्के गोळा करत हिंडतो.

उलट क्रमाचेही तेच. मूळ दाखल्यावर आधी अपोस्टिल घेतले, तर ते त्या कागदाचा भाग होते. मग त्याचेही भाषांतर हवे का? काही ठिकाणी हवे असते, काही ठिकाणी नको असते, आणि लिहिलेले कुठेच नसते. दहा रकान्यांना क्रमांक देण्यात शहाणपण होते. सातव्या रकान्यात कोणी प्रमाणित केले हे असणार, हे जगातल्या कोणत्याही भाषेतल्या अपोस्टिलबाबत खरे आहे. इतक्या ठरीव चौकोनाचे भाषांतर मागण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पण तुम्हाला हवेच असेल तर ‘अपोस्टिलसह भाषांतर’ एवढे दोन शब्द लिहा. मी पाच मिनिटांत ते करून देते. ते दोन शब्द नसल्यामुळे बांधून, शिक्का मारून तयार झालेले भाषांतर सोडून पुन्हा बांधावे लागते.

आणि एक. अपोस्टिलवरच्या सहीला पुढे आणखी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, असे करारातच म्हटले आहे. तेव्हा ‘अपोस्टिलवर आमच्या कार्यालयाचाही शिक्का घ्या’ असे कुठल्या काउंटरवर सांगितले जात असेल, तर ते ताबडतोब थांबवा.

करारातल्या देशांची संख्याही बदलत असते. चीनसाठी तो ७ नोव्हेंबर २०२३पासून लागू झाला, कॅनडासाठी ११ जानेवारी २०२४पासून. त्या दिवसापासून तिथल्या कागदांची साखळीच बदलली. आधी मंत्रालय, मग वकिलात असे जे जिने चढावे लागत होते त्यातले काही गळाले. पण ज्या चेकलिस्टवर तारीखच नाही, ती या बदलाआधीची की नंतरची हे कोणी कसे ओळखावे? पानाच्या खाली ‘अमुक तारखेपासून लागू’ असे लिहायला तुम्हाला काहीच खर्च नाही.

क्रमाचा प्रश्न इतका लावून धरते, कारण त्याला घड्याळ बांधलेले आहे. पोलीस क्लिअरन्स सहसा तीन किंवा सहा महिन्यांहून जुना चालत नाही. ही मुदत मोजायची कुठून? दाखल्याच्या तारखेपासून, अपोस्टिलच्या तारखेपासून, की भाषांतराच्या? आणि मोजायची कुठपर्यंत: अर्ज भरला तो दिवस, अपॉइंटमेंटचा दिवस, की निर्णयाचा दिवस? दाखला मिळतो, तो अपोस्टिलला जातो, तिथून भाषांतराला, आणि मग अपॉइंटमेंटचा स्लॉट तुमच्या सोयीने. स्लॉट लांबला आणि दाखला तुमच्याच रांगेत शिळा झाला, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. अपॉइंटमेंट मागितली त्या दिवशी कागद ताजा असेल तर तो ताजाच धरावा, असा नियम करता येण्यासारखा आहे.

भाषांतराला स्वतःची अशी मुदत तर नसावीच. वीस वर्षांपूर्वीच्या पदवीचे सात वर्षांपूर्वी केलेले भाषांतर आज खोटे होत नाही. मूळ कागद बदलला नसेल तर भाषांतरही बदलत नाही. तरी ‘भाषांतर जुने आहे, नवे आणा’ असे सांगितले जाते, आणि मी त्याच फाइलवर नवी तारीख घालून देते. पैसे मला मिळतात, हे खरे. पण हे काम करताना मलाही बरे वाटत नाही.

आता नावे. तुमच्याकडच्या बहुतेक अडकलेल्या फायली नावांपाशी अडकतात, असा माझा अंदाज आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत प्रत्येकी ४४ खुणा मावतात. रोमन लिपीतली साधी मोठी अक्षरे, आकडे आणि मोकळी जागा भरणारी एक खूण, एवढेच. जगातले प्रत्येक नाव त्यात बसवायचे. दुसरीकडे, काही देशांची नोंदणी कार्यालये भाषांतरकाराला सांगतात की नावांचे लिप्यंतर आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाप्रमाणेच करा. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. पण रशियन लिपीत ‘यूलिया’ असे नाव असलेली बाई आताच्या पासपोर्टवर आय-यू-एल-आय-आय-ए असते, आणि १९६८च्या आयएसओ मानकाने केलेल्या विवाहदाखल्याच्या भाषांतरात जे-यू-एल-आय-जे-ए होते. काउंटरवर बसलेल्याला या दोन बाया दिसतात. भाषांतरकाराने पासपोर्टप्रमाणे लिहिले तर मानक मोडले, मानकाप्रमाणे लिहिले तर पासपोर्टशी जुळत नाही. यातून सुटायला एक ओळ पुरते: भाषांतरात पासपोर्टवरचे नाव लिहावे आणि मानकाप्रमाणेचे कंसात द्यावे. किंवा उलट. काहीही ठरवा, पण ठरवा.

ज्या लिप्यांना पासपोर्ट एका पद्धतीने, शाळा दुसऱ्या पद्धतीने आणि नगरपालिका तिसऱ्या पद्धतीने रोमनमध्ये लिहिते, त्यांची गत याहून वाईट. मूळ लिपीत तिन्ही कागदांवर नाव एकच असते, आणि हे भाषांतरकाराच्या डोळ्यांना दिसते. तो खाली टीप देऊन तसे प्रमाणित करू शकतो. पण ‘भाषांतरकाराने स्वतःची भर घालू नये’ असे म्हणून ती टीपच खोडायला लावणारे अधिकारी आहेत. टीप चालेल की नाही, हे यादीत हवे.

तारखांचेही असेच. जपानी दाखल्यावर वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाने मोजतात, त्यामुळे १९८९ हे एकच वर्ष दोन नावांनी येते: ७ जानेवारीपर्यंत शोवा ६४, आणि ८ जानेवारीपासून हेइसेई १. थायलंडच्या कागदावर २५६७ असते तेव्हा बाहेर २०२४ चालू असते. इथिओपियाच्या पंचांगात तेरा महिने, आणि वर्ष सात-आठने मागे. भाषांतरकाराने मूळ तारीख तशीच ठेवावी की बदलून लिहावी? मी मूळ ठेवते आणि शेजारी कंसात रूपांतर देते; दोन्ही डोळ्यांसमोर असावे म्हणून. एकदा एका कार्यालयाने हा कंस ‘मूळ कागदात नसलेला मजकूर’ म्हणून परत पाठवला होता. महिना आकड्यात लिहिला तर ०३/०४ हा मार्च की एप्रिल, हा वाद वेगळाच. महिना अक्षरी लिहावा, असे एकाही चेकलिस्टवर माझ्या पाहण्यात नाही.

बँकेच्या स्टेटमेंटबद्दल थोडक्यात. बारा महिन्यांचे स्टेटमेंट म्हणजे कित्येक पाने, आणि त्यातले नव्वद टक्के म्हणजे व्यवहारांचे संकेत क्रमांक आणि दुकानांची नावे. पोलंडमध्ये शपथबद्ध भाषांतराचे एक पान ११२५ अक्षरांचे धरतात, मोकळ्या जागांसकट. तशा हिशेबाने ही गड्डी किती पानांची होईल, ते तुम्हीच मोजा. तुमचा अधिकारी त्यातून पाहतो खातेदाराचे नाव, महिन्याअखेरची शिल्लक आणि पगाराची नोंद. तेवढ्याचेच भाषांतर पुरेल, असे लिहायला हरकत काय? ‘अंशतः भाषांतर’ असा स्पष्ट शेरा मारून ते रीतसर प्रमाणित करता येते.

आता एक प्रसंग सांगते. कार्यालयाचे नाव घेत नाही. एका अर्जदाराचा विवाहदाखला आणि त्याचे भाषांतर मी एकत्र बांधून दिले होते. अशा बांधणीत कोपरा दुमडून स्टेपल करतात आणि शिक्का असा मारतात की अर्धा एका पानावर उमटेल, अर्धा दुसऱ्यावर. पान बदलले तर शिक्का जुळणार नाही, ही त्यामागची युक्ती. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने फाइल घेतली, झेरॉक्स काढायला सोपे जावे म्हणून स्टेपल उपसली, पाने सुटी करून यंत्रात घातली आणि परत लावताना थोडी तिरकी लावली. पुढच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने पाहिले तर शिक्क्याचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत. शेरा पडला: ‘भाषांतराशी छेडछाड झाल्याची शक्यता.’ अर्जदाराला पुढे बरेच दिवस हे पटवून द्यावे लागले की छेडछाड त्याच इमारतीत झाली होती. तुमच्या कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना छापा: बांधलेले भाषांतर उघडू नये, स्कॅन करताना पान उलटावे, सोडू नये. आणि अर्जदारासाठी यादीत लिहा की भाषांतर मूळ कागदाला बांधलेले हवे, मूळच्या प्रतीला बांधलेले हवे, की सुटे. मूळ कागद परत मिळणार असेल तर त्याला बांधणे वेडेपणाचे. मिळणार नसेल तर तेही आधी सांगा. एखाद्याकडे त्या दाखल्याची एकच प्रत असते.

इलेक्ट्रॉनिक दाखल्यांनी यात आणखी भर घातली आहे. आता कितीतरी ठिकाणी जन्मदाखला क्यूआर कोडसह पीडीएफ म्हणूनच मिळतो, अपोस्टिलसुद्धा इलेक्ट्रॉनिक निघते. त्याची छापील प्रत ही प्रतच असते, मूळ तर सर्व्हरवर आहे. तुमच्या यादीत मात्र अजून ‘शाईची सही असलेले मूळ’ असते. भाषांतरकाराने काय लिहावे, ‘मूळ’ की ‘छापील प्रत’? पडताळणीचा दुवा भाषांतरात उतरवला तर पुरेल का? हा प्रश्न रोजचा आहे, आणि वाढत जाणार आहे.

यंत्राने केलेल्या भाषांतराबद्दलही बोला एकदाचे. भाषांतरकार कच्चा मसुदा यंत्राकडून करून घेतात, हे उघड आहे. मला विचाराल तर खाली सही करणाऱ्याने प्रत्येक ओळ पाहिली असेल आणि तो जबाबदारी घेत असेल, तर मसुदा कोणी केला हा प्रश्न गौण. पण सहीच नसलेले, फोनमधून काढून छापलेले भाषांतर घेऊन लोक तुमच्यापर्यंत पोचतात, कारण ते चालत नाही असे तुम्ही कुठे लिहिलेले नसते.

एवढे सगळे लिहिणे शक्य आहे का, असे तुम्ही विचाराल. जिथे सरकारांना हवे होते तिथे याहून अवघड गोष्टी झाल्या आहेत. १९७६च्या व्हिएन्ना कराराने जन्म, लग्न आणि मृत्यूच्या दाखल्यांचे बहुभाषिक उतारे ठरवले: रकान्यांची नावे अनेक भाषांत छापलेली, तारखा आकड्यांत, दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने, आणि विवाह, घटस्फोट, मृत्यू यांना ठराविक खुणा. त्या उताऱ्याला भाषांतर लागतच नाही. युरोपीय संघाच्या २०१६च्या नियमाने, जो १६ फेब्रुवारी २०१९पासून लागू आहे, सदस्य देशांमध्ये जन्म, विवाह यांसारख्या दाखल्यांवर अपोस्टिल मागणे बंद केले, भाषांतर टाळता यावे म्हणून दाखल्यासोबत जोडायचे बहुभाषिक फॉर्म दिले, आणि एका सदस्य देशातल्या पात्र माणसाने केलेले प्रमाणित भाषांतर सगळ्या सदस्य देशांनी स्वीकारावे, असेही म्हटले. हा नियम संघाच्या आत दिलेल्या कागदांपुरता आहे, बाहेरून आलेल्या दाखल्यांना तो लागू नाही, हे मला माहीत आहे. तो बाहेर लागू करा, असेही मी म्हणत नाही. पण शेजारच्या देशातल्या भाषांतरकाराची सही तुम्हाला चालते याचा अर्थ असा की पात्रता लांबून तपासण्याची पद्धत तुमच्याकडे आहे. तीच पद्धत कागदावर आणायची आहे.

खोटे दाखले येतात, खोटी भाषांतरेही येतात. शिक्का बनवून घेणे अवघड नाही, आणि ‘सगळे करून देतो’ म्हणणारे त्यात पटाईत असतात. तुमचा संशय अनाठायी नाही. पण अस्पष्ट नियम खोटे करणाऱ्याला अडवत नाही. त्याने दहा फायली आत घालून कोणत्या काउंटरला काय चालते, हे केव्हाच शिकून घेतलेले असते. अडतो तो पहिल्यांदा आणि बहुधा एकदाच अर्ज करणारा माणूस.

भाषांतरावरून अर्ज परत करायचाच असेल, तर कशामुळे हे लिहून द्या. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाला नकार देताना कारणांचा ठरलेला छापील नमुना वापरावा लागतो. दीर्घ मुदतीच्या अर्जाला, ज्यावर माणसाची नोकरी, शिक्षण आणि घर अवलंबून असते, तेवढेही नसावे हे विचित्र आहे. ‘कागदपत्रे अपुरी’ या दोन शब्दांतून मला दुरुस्ती करता येत नाही. ‘पान २च्या मागच्या बाजूचा शिक्का भाषांतरात नाही’ असे लिहिले तर त्याच दिवशी करून देता येते. आणि दोष फक्त भाषांतरात असेल तर फाइल उघडी ठेवून भाषांतर तेवढे बदलून द्यायची मुभा असावी. नवा अर्ज, नवी फी आणि नवा स्लॉट लावू नये.

शेवटी व्यवहाराचे. यादीत हे बदल करायला घेतलेत, तर काउंटरवर रोज फायली तपासणाऱ्या दोघा-तिघांना आणि काम करणाऱ्या दोघा-तिघा भाषांतरकारांना एका टेबलाशी बसवा. एका दुपारचे काम आहे. नवी यादी काढाल तेव्हा तिच्यावर लागू होण्याची तारीख घाला, आणि त्या तारखेच्या आधीच भाषांतर करून बसलेल्या अर्जदारांच्या फायली जुन्या यादीप्रमाणे तपासा.

कळावे,

आपली,
कागदपत्रांची एक भाषांतरकार